संस्थेच्या बालवाडीत फी घ्यावी की नाही?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर अधूनमधून तोंड उघडते, तेवढंच. आज मात्र धागा काढावा लागतोय.

नाशिकच्या वेशीवर औद्योगिक वसाहत संपून द्राक्षबागा सुरू होतात, त्या पट्ट्यात आमची छोटी संस्था बालवाडी चालवते. मी विश्वस्तांपैकी एक, हिशेबाची वही माझ्याकडे. तीन ते सहा वयाची ४५ मुलं, तीन ताई, एक मदतनीस मावशी. वेळ सकाळी साडेनऊ ते दीड. आईवडील बहुतेक पेठ-सुरगाण्याकडून आलेले. बाप्ये कंपनीत कंत्राटी नाहीतर बिगारी, बायका धुण्याभांड्याला किंवा बागेत. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत सकाळी सातला पिकअप येते आणि वस्ती रिकामी होते.

आजवर फी घेतलेली नाही. दोन कंपन्यांचा सीएसआर (कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचा पैसा) आणि ओळखीपाळखीतल्या देणग्या यावर चाललं. यंदा एका कंपनीने हात आखडता घेतला. महिन्याचा खर्च असा: ताईंचा पगार प्रत्येकी ९,०००, मावशींना ६,०००, भाडं ७,०००, खाऊ डोक्यामागे रोज १५ रुपये धरून साधारण १६,०००, किरकोळ ४,०००. एकूण ६०,०००.

विश्वस्तांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, महिना २०० रुपये फी लावा, फुकटची लोकांना किंमत नसते. दुसरा म्हणतो, फीच घ्यायची तर संस्था कशाला काढली? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी कृपया लिहा. फी लावल्यावर काय झालं? नाही लावली तर कसं निभावलंत?

चिंतू_नाना

नातवाच्या पुण्यातल्या प्लेस्कूलची वर्षाची फी ऐकून मी खुर्ची शोधली. माझं अख्खं इंजिनिअरिंग त्याच्या निम्म्यात झालं होतं, मेससकट. २०० रुपयांत तिथे यलो डेचे फुगेसुद्धा येत नाहीत. बिनधास्त घ्या फी.

वैदर्भी_ठेचा

नाना, तुमच्या नातवाचा बाप आन ही बागेतली बाई एका तराजूत कशी टाकता जी? २०० रुपये म्हणजे तिचा अर्धा रोज. दोन लेकरं असली तर पुरा रोज गेला. हलकेच घ्या, पण "फुकटची किंमत नसते" हे वाक्य नेहमी पोट भरलेला माणूसच म्हणतो असं माझं निरीक्षण आहे.

हुरडापार्टी

वाचतेय. चांगला धागा.

रानवाट

आमचं केंद्र ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी होतं, कारखान्याच्या अड्ड्यावर. हंगामापुरतं. एका वर्षी देणगीदाराच्या आग्रहाखातर महिना ५० रुपये "सहभाग शुल्क" लावलं. किती मुलं गळाली हे महत्त्वाचं नाही, कुठली गळाली ते सांगते. ज्यांच्या घरात आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण होती, नेमकी तीच. आई म्हणायची, पैसे कशाला द्यायचे, ताई हाय की सांभाळायला.

ती ताई म्हणजे दुसरी-तिसरीतली मुलगी. फी नव्हती तेव्हा ती सकाळी कडेवर भाऊ घेऊन यायची, त्याला आमच्या सतरंजीवर ठेवायची, त्याने चड्डीला धरून ठेवलेला हात सोडवायची आणि दप्तर आपटत साखरशाळेकडे, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेकडे, पळायची. फी लावली आणि ती झोपडीत बसली. बालवाडीच्या पटावर एक कमी झालं, शाळेच्या पटावर आणखी एक कमी झालं, आणि दुसरं कोणाच्याच अहवालात आलं नाही.

दुसऱ्या हंगामात शुल्क काढून टाकलं. माझं मत त्यामुळे ठाम आहे. नका लावू.

हिशोबनीस

पेशाने सीए आहे, दोनतीन न्यासांचे हिशेब बघतो. भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

४५ गुणिले २०० म्हणजे ९,०००. बरोबर एका ताईचा पगार. पण शंभर टक्के वसुली कुठेच होत नाही, हंगामात गावी गेलेली कुटुंबं धरली तर हातात ६,००० पडतील. म्हणजे खर्चाच्या दहा टक्के. तेवढ्यासाठी पावतीपुस्तक, वसुली, कोणाला माफ करायची यावरून रुसवेफुगवे. फीने बालवाडी "चालते" हा भ्रम कोणी बाळगू नये.

दुसऱ्या तटाच्या विश्वस्तांसाठी: फी घेतली म्हणून धर्मादाय दर्जा जात नाही. व्यावसायिक उत्पन्न २० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट "सर्वसाधारण लोकोपयोगी" सदरातल्या कामांना आहे, शिक्षण किंवा गरिबांना मदत या सदरांना नाही. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशावर खर्च व्हायला हवी ही अट मात्र फीच्या पैशालाही लागू. आणि फीची पावती ८०जीची (देणगीदाराला करसवलत देणारी) देऊ नका. तसंच "फी नाही, प्रवेशासाठी देणगी द्या" असला आडमार्ग सुचवणारे भेटतील, त्यांना १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा वाचायला द्या.

आणखी एक विचारू का? विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दिलाय ना? ९० दिवसांची मुदत असते. निम्म्या संस्था इथेच अडकतात आणि नव्या देणगीदारासमोर कागद मांडायची वेळ आली की जाग येते.

द्राक्षवेल

@रानवाट, थोरल्या बहिणीचा मुद्दा विश्वस्तांच्या बैठकीत जसाच्या तसा मांडते. आमच्याकडेही अशा मुली आहेत, रोज दारात दिसतात.

@हिशोबनीस, चेंज रिपोर्ट दिलेला आहे हो! वही माझ्याकडे आहे म्हटलं ना.

शंकासुर

थोडं कडू बोलतो. गावात अंगणवाडी असताना ही संस्था हवी कशाला? सरकार खिचडी देतं, सेविका आहे, जागा आहे. एनजीओवाल्यांना बोर्ड लावून फोटो काढायचे असतात. ६०,००० मध्ये तर अंगणवाडीला सोन्याचा पत्रा बसेल.

सखूची_लेक

शंकासुर भाऊ, मी अंगणवाडी सेविका आहे. सोन्याचा पत्रा पाठवाच, आमचा गळतोय.

आता नीट सांगते. माझ्याकडे पटावर ० ते ६ ची सगळी लेकरं, वर गरोदर आणि स्तनदा माता. ३ ते ६ च्या लेकरांना ताजा आहार, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातलं प्रमाण ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. त्याला डोक्यामागं ८ रुपये हा दर २०१७ साली ठरला. ताई तुमचे १५ वाचून मला हेवाच वाटला बघा. बाकी वजनं, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, सर्व्हे. पोषण ट्रॅकर ॲप. बाईचा चेहरा ॲपात जुळंना तर टीएचआरचं (घरी न्यायच्या शिध्याचं) पाकीट समोर असून देता येत नाही, ती बाई उन्हात उभी आणि मी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून "जरा हला ना" म्हणतेय. ह्यातून जो वेळ उरतो त्यात बालशिक्षण. आकार ह्या बालशिक्षण अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण झालंय, साहित्य बनवलंय, मला आवडतंही. पण ३५ लेकरं, मी एकटी, मदतनीस स्वयंपाकात.

संस्थेची बालवाडी शेजारी असली तर मला काय त्रास नाही. फक्त एक करा, पट लपवू नका. एकच लेकरू दोन्हीकडं हजर दाखवलं की साहेब मला झाडतात. आमच्या इथं संस्थेच्या ताई आणि मी मिळून ठरवलंय, वजनं आणि लस माझ्याकडं, गाणीगोष्टी त्यांच्याकडं. लेकराला दोन घरचं मिळतं.

आणि पगाराचं. आम्ही २०२३ च्या डिसेंबरात संपावर बसलो ते ५२ दिवस. तेव्हा "शिक्षिका नाही, मानसेवी आहात" हे ऐकून घेतलं. तुम्ही चांगलं काम करताय ताई, पण ९,००० तुमच्या ताईंना पुरतात का हे कोणी विचारलं नाही धाग्यात.

हुरडापार्टी

सखूची_लेक, टाळ्या.

चिंतू_नाना

पत्र्यावरून शंकासुर भिजले.

कंपनीबाग

सखूताईंनी मुद्द्यालाच हात घातला. मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात काम करतो, नाव विचारू नका. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहितो.

प्रस्ताव येतो तेव्हा आमच्या समितीला भिंतीवरची चित्रं आवडतात, खेळणी आवडतात, टॅब तर फारच आवडतात. पगाराची ओळ आली की कोणीतरी विचारतं, "ॲडमिन खर्च इतका का?" आता गंमत अशी की नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात येतच नाही. बालवाडीत ताईचा पगार हाच प्रकल्प. ती नसेल तर उरतं काय, रंगवलेली खोली. पण संस्थासुद्धा घाबरून पगार लपवतात, "प्रशिक्षण", "समन्वय" असल्या सदरांखाली वाटून टाकतात. तसं करू नका. द्राक्षवेल, पुढच्या प्रस्तावात पहिलीच ओळ "तीन शिक्षिकांचं वेतन" अशी लिहा आणि खाली राष्ट्रीय ईसीसीई (पूर्वबाल्य संगोपन आणि शिक्षण) धोरण २०१३ चं प्रमाण द्या: ३ ते ६ वयाला २० मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांखाली १० मागे एक. ४५ मुलांना तीन ताई हा थाट नाही, प्रमाणात बसतं.

दुसरं, एका कंपनीकडून वर्षाच्या बोलीवर पैसे घेऊ नका. नियमानुसार चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत मंजुरी देता येते. मागितलं तर मिळतं. बहुतेक जण मागत नाहीत.

शंकासुर

सखूची_लेक यांच्याशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न कायम आहे: सरकारचं काम संस्थेने का करावं?

वैदर्भी_ठेचा

सरकार करेस्तोवर पोरगं सहाचं होते म्हणून.

पाटीपेन्सिल

निवृत्त बालवाडी शिक्षिका. फीच्या एका परिणामाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

फी सुरू केलीत की पालक तुलना करतात. कोपऱ्यावर दोन खोल्यांत "इंग्लिश मीडियम नर्सरी" असतेच, टाय आणि बूट लावून. तिथे ५०० घेतात पण वहीत ए ते झेड लिहून आणतात. मग तुमच्याकडे आई येते: "२०० देतोय, पोरगी अजून मातीतच खेळती." ताईवर दडपण येतं आणि दिवाळीनंतर हळूच वह्या निघतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्याकडे ताटात मटकी आणि राजमा मिसळून ठेवायचो, वेगळं करायचं. जूनमध्ये आलेलं मूल आख्ख्या मुठीने उचलतं, अर्धं खाली सांडतं. मग तीन बोटं येतात. दिवाळीच्या सुमारास कधीतरी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना सापडतात आणि ते पोर एकेक मटकी अशी उचलतं जशी काय सोन्याची आहे. जीभ बाहेर, श्वास रोखलेला. त्या चिमटीत पुढे पेन्सिल नीट बसते. आधी पेन्सिल दिली तर मूठ करून गिरवतात, बोटं दुखतात आणि लिहिण्याचा कंटाळा पहिलीपर्यंत पुरतो. नव्या धोरणात, २०२० च्या, ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय तो यासाठीच, पण हे धोरण त्या आईला कोण सांगणार?

घाटावरचा

पाटीपेन्सिल मॅडम, आदर ठेवून असहमत. आई मूर्ख नसते. तिला माहितीये की पहिलीत गेल्यावर साहेबांच्या पोरांना ए टू झेड येत असणार आणि आपल्याला मागच्या बाकावर ढकलणार. मी स्वतः अशाच वस्तीतून आलोय. मटकी निवडणं आमच्या घरी रोजच होतं, त्यासाठी बालवाडीत कशाला जायचं? मला वाटतं फी घेतलीच पाहिजे, कारण फी भरणाऱ्यालाच "का शिकवत नाही" विचारता येतं. फुकट घेणारा गप्प बसतो आणि संस्थेला वाटतं पालक खूश आहेत.

पाटीपेन्सिल

घाटावरचा, विचारण्याचा हक्क फीवर अवलंबून असेल तर तो दोष संस्थेचा. महिन्यातून एकदा पालकांना वर्गात बसवा, खेळ त्यांनाच खेळायला लावा. मोठी माणसंही पहिल्यांदा मूठच वापरतात हो :)

पण "मागच्या बाकावर ढकलणार" हे तुमचं खरं आहे. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आम्ही मोठ्या गटाला शेवटचे चार महिने अक्षरं दाखवायचो, मराठी आधी, इंग्रजी कानावर. गाण्यातून.

खिचडीप्रेमी

अवांतर: १५ रुपयांत रोज काय देता? आमच्या मंडळाला उन्हाळी शिबिरात देता येईल असं काही?

द्राक्षवेल

@खिचडीप्रेमी, सोम-गुरु मूगडाळ खिचडी (भाज्या किसून, नाहीतर वेचून बाजूला ठेवतात), मंगळ-शुक्र मटकी किंवा चवळीची उसळ-पोळी, बुधवारी नागलीची आंबील आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू, शनिवारी उकडलेलं अंडं, न खाणाऱ्यांना केळं. नागली पेठहून पालकच आणून देतात कधीकधी, त्यामुळे परवडतं. न खाणारं सध्या एकच पोर आहे, आणि तेही शनिवारी अंड्याच्या रांगेत असतं.

चिंतू_नाना

हा शनिवारवाला पुढे जाणार.

बोर्डीकर

शंकासुरांच्या "सरकारचं काम" वरून थोडा इतिहास. अंगणवाडी ही सरकारने घेतलेली संस्थेची कल्पना आहे. एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. त्याआधी १९२६ पासून ताराबाई गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ चालवत होत्याच, पण ते शहरी आणि खर्चिक माँटेसरी साहित्य खेड्यात परवडणारं नव्हतं. मग शिंपले, बिया, पानं, काठ्या. आणि मुख्य म्हणजे मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणताना बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरं जिथे चरतात तिथे शाळा.

म्हणजे तिथे फीचा प्रश्न दुय्यम होता. पालकाच्या दिवसात बालवाडी कुठे आणि कधी बसते, हा पहिला प्रश्न. द्राक्षवेल, तुमची वेळ साडेनऊ ते दीड. पिकअप येते सातला. मधले अडीच तास मूल कुठे असतं? आणि दीडनंतर?

कडूनिंब

बोर्डीकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी पाळणाघर योजनेत काम केलंय. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र, राज्य आणि संस्था असा ६०:३०:१० वाटा होता. साडेसात तास उघडं, महिन्याला २६ दिवस, २५ मुलं. कामाची वेळ लक्षात घेऊन आखलेली. पण सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० मानधन, तेवढ्यात साडेसात तास थांबणारी बाई आणायची कुठून? २०२२ पासून तीच योजना पाळणा नावाने केंद्राच्या मिशन शक्ती योजनेत गेली.

कायदा म्हणाल तर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक आहे, हे आलं मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने. बांधकामावर मोबाईल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत काम सुरू केलं ते ठेकेदाराच्या साइटवरच जाऊन. पण रोज वेगळ्या मुकादमाबरोबर वेगळ्या बागेत जाणाऱ्या किंवा पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईचा मालक कोण? तिच्यासाठी यातलं काहीच नाही.

थंडीत_कुडकुड

बर्लिनहून. इथे पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाड्या असतात, एल्टर्नइनिशिएटिव्ह म्हणतात. नोंदणीकृत संस्था, पालकच सभासद, पालकच खजिनदार. मी तीन वर्षं एकीची सभासद होते. फीपेक्षा पाळ्या जास्त: स्वयंपाकाची पाळी, शनिवारी साफसफाईची पाळी, हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ लोटायची पाळी. माझी बटाट्याची भाजी हिट होती, मोहरी काढून. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून बालवाडीची फी नाही, फक्त जेवणाचे पैसे, तेव्हा महिना २३ युरो. आणि १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. (जागा शोधताना केस पांढरे होतात, तो भाग वेगळा.)

फीऐवजी पाळी, असा विचार करता येईल का?

सखूची_लेक

बागेतून सहाला येऊन, चूल पेटवून, पाणी भरून, ती बाई पाळी कधी करणार हो? तिचा शनिवार कुठाय?

थंडीत_कुडकुड

मान्य. आणि इथे शिक्षिकांच्या पगाराचा मोठा भार सरकार उचलतं, म्हणून पालकांना बर्फ लोटण्याची चैन परवडते.

संपादक मंडळ

चर्चा छान चालू आहे. जर्मनीतल्या भाज्यांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

द्राक्षवेल

खूप आभार सगळ्यांचे. बोर्डीकरांचा प्रश्न घेऊन आम्ही रविवारी पालकांची बैठक घेतली. ऐनवेळी फीचा विषय मागे ठेवला आणि आधी नुसतं विचारलं: दीडनंतर पोर कुठे असतं?

पहिल्यांदा कोणी बोललं नाही. मग एकीने सांगितलं की शेजारच्या म्हातारीकडे ठेवते, दिवसाला ३० रुपये. दुसरी म्हणाली मी पण. हात वर करायला सांगितलं तर वीसेक हात. म्हणजे ज्या बायांना २०० परवडणार नाहीत म्हणून आम्ही बैठकांमागून बैठका घेतोय, त्या महिन्याला सातशेच्या वर आधीच मोजतायत! आणि म्हातारी काय करते, तर दार लावून टीव्ही लावते. म्हातारीचीही काही चूक नाही, तिला गुडघ्यांनी उठवत नाही.

एक बाई सरळ म्हणाली, "मॅडम, पाचशे घ्या, पण साडेपाचपर्यंत ठेवा."

पण तिथेच मागे एक बाई गप्प होती. तिच्याकडे थोरली मुलगी आहे. तिने हात वर केला नव्हता. रानवाट, मला तुम्ही आठवलात.

रानवाट

मग दोन वेगवेगळ्या गोष्टी धरा. सकाळची बालवाडी फुकटच राहू द्या, ती मुलाची. दुपारचं पाळणाघर आईच्या कामासाठी आहे, त्याला पैसे घ्यायला माझी ना नाही. फक्त थोरली बहीण असलेल्या घरांना दुपारीही माफ करा, आणि ती मुलगी शाळेत जाते का हे दर आठवड्याला शाळेत विचारून घ्या.

हिशोबनीस

रानवाट यांच्या वाटणीवर आकडे मांडतो. दुपारी २० मुलं. आणखी एक ताई, दुपारचीच, ७,०००. मावशींची वेळ वाढली, ४,००० जादा. जेवण आणि चारचा खाऊ मिळून २० रुपये धरले तर साधारण १०,०००. झोपायच्या गाद्या, पडदे, पाणी, वीज, सरासरी ४,०००. एकूण २५,०००. पाचशेप्रमाणे पूर्ण वसुली झाली तर १०,०००. पंधरा कमी पडतात. शिवाय जुनी तूट आहेच.

सकाळच्या तीन ताईंना ९,००० वरून वर न्यायचं तर वेगळे लागतील. सखूची_लेक यांनी विचारलेला प्रश्न मी विसरलो नाहीये.

कंपनीबाग

"कामकरी महिलांसाठी पाळणाघर" हा प्रस्ताव समितीत बालवाडीपेक्षा लवकर पास होतो, अनुभव सांगतो. त्यात महिलांचा रोजगार येतो. पंधरा हजारांची तूट आकड्यांसकट मांडा, आईच्या खिशातून दहा येतात हेही लिहा. समितीला ते आवडेल. का आवडतं याबद्दल माझी वेगळी मतं आहेत, ती इथे नको.

सोनाका_नव्हे_थॉमसन

इतके दिवस गप्प वाचत होतो कारण मी बागायतदार आहे आणि मार खायची भीती होती. निफाड तालुका.

थिनिंगच्या दिवसांत बाई पोर आजारी म्हणून आली नाही की माझी ओळ राहते. मणी फुगायच्या आत विरळणी झाली नाही तर घड गच्च होतो, निर्यातीचा माल तिथेच गेला. तेव्हा मुकादमाच्या नाकदुऱ्या काढतो आपण, दहावीस रुपये रोज वाढवून देतो. ते पैसे पाळणाघराला द्यायला काय हरकत आहे, असं धागा वाचताना वाटलं. शिवाय युरोपात माल पाठवणाऱ्याला औषधांबरोबर हल्ली मजुरांबद्दलही विचारतात, त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दलसुद्धा. तपासणीच्या दिवशी उत्तर द्यायला लागतं.

मी एकटा फार देऊ शकणार नाही. पण तुमच्या वस्तीतून मजूर नेणारे आठदहा बागायतदार तरी असतील. हंगामाच्या सहा महिन्यांपुरते प्रत्येकी दीडदोन हजार, हे भाव पडल्याच्या वर्षीही जड नाही.

शंकासुर

भाव पडल्याच्या वर्षी पहिले हेच बंद होतील, लिहून ठेवा. पण कल्पना बरी आहे.

चिंतू_नाना

शंकासुर "बरी आहे" म्हणाले. धागा वाचनखुणांत टाकला.

सोनाका_नव्हे_थॉमसन

शंकासुर, खरं आहे तुमचं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच आगाऊ घ्या. छाटणीच्या वेळी औषधवाल्याला उधारीचा शब्द देतो तसाच ह्यांना रोखीचा देऊ. मुकादमाला मात्र मध्ये घालू नका, तो त्यात त्याचं कापेल.

घाटावरचा

फी महिन्याची न घेता आठवड्याची घ्या. रोजंदारीवाल्याच्या घरात महिन्याचे पाचशे एकदम कधीच नसतात, पण हप्ता मिळाल्याच्या संध्याकाळी सव्वाशे असतात. आणि त्याच संध्याकाळी घ्या, दुसऱ्या दिवशी गेलेले असतात.

द्राक्षवेल

@घाटावरचा, आमच्याकडे बहुतेकींचा हप्ता आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी, बुधवारी होतो. मावशी त्याच गल्लीत राहतात, त्या घेतील.

@सोनाका_नव्हे_थॉमसन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. विश्वस्तांची बैठक येत्या शनिवारी आहे. सकाळची फी नाही, यावर बहुधा दोन्ही तट येतील. दुपारच्या ताईचा पगार मात्र मी ७,००० ऐवजी ९,००० मांडणार आहे, तूट सतरा होईल, होऊ दे.

तूर्त वीस लहान गाद्या किंवा जाड सतरंज्या हव्यात. रेक्झिनच्या असल्या तर उत्तम, का ते आया जाणतात.

पाटीपेन्सिल

नाशिकरोडला माझ्या भाचीकडे बंद झालेल्या पाळणाघराच्या बारा-तेरा आहेत, रेक्झिनच्याच. टेम्पोचं तुम्ही बघा. नंबर व्यनि करते.